टांगतगड कुठून सुरू करायचा?

गुलाब,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी तुझी वाट पाहिली. हसू नकोस, खरंच पाहिली. पत्रावळी मांडल्या, वरण-भात वाढला, बुंदी आली, आणि माझी नजर सारखी पंगतीच्या शेवटच्या पाटाकडे जात होती. आपल्या टांगतगडाच्या पुस्तकातला ढमाजी राक्षस तिथेच येऊन बसला होता ना, स्वतःच्या तेरवीला? पहिला घास घेऊन त्याने विचारलं होतं, वरणात मीठ टाकायचं कोणाकडे होतं? आणि अख्ख्या गडावर एकाचीही छाती झाली नाही त्याला सांगायची, की बाबा, तू मेला आहेस. उपाशी पाहुण्याला असलं कोण सांगणार! हा प्रसंग तू मला किती वेळा सांगितलास त्याची गणती नाही. दोन्ही हातांनी सांगायचास, आणि हातातली मेथी सगळीकडे सांडायची. तेव्हा स्वतःच्या तेरवीला येऊन खोड काढायचा हक्क कोणाचा असेल, तर तो तुझाच होता. वांगी तुझ्या मळ्यातली नव्हती. पहिल्याच घासाला कळलं. तू आला असतास तर आचाऱ्याची काही खैर नव्हती.

कसा गेलास, किती दिवस आजारी होतास, ते मी इथे लिहिणार नाही. ते सगळ्या कारंज्याला ठाऊक आहे, आणि त्यात तू कुठेच नाहीस. आपला एक वाद अर्धा राहिला आहे. तो मला पुरा करायचा आहे. शिवाय तुझ्यापासून तीन वर्षं लपवलेली एक गोष्ट सांगायची आहे. आता सांगून काय उपयोग, असं तू म्हणशील. म्हण. मी सांगणारच.

ज्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, त्या वर्षी तू वाचनालयात आलास. वाचायला नव्हे. विहिरीने तळ दाखवला होता, मळ्यात पाणी द्यायला काही उरलं नव्हतं, आणि आमच्याकडे पंखा होता. तू पंख्याखालचं बाक धरलंस. मी नवा नवा कारकून, नियमाचा पक्का. म्हटलं, पुस्तक घेतल्याशिवाय इथं बसता येणार नाही.

"मंग दे ना बापा एखांदं," तू म्हणालास. "जाड दे. लवकर सरू नाई असं."

मी मागे वळलो आणि नुकत्याच जिल्द बांधून आलेल्या गठ्ठ्यातलं पहिलं पुस्तक तुझ्यासमोर ठेवलं. टांगतगड. ढगाला साखळदंडाने उलटा टांगलेला किल्ला. त्यावर खाली पाहिलं की भोवळ येणारा राजा आडमुठराव, प्रत्येक मंत्राचा शेवट विसरणारे घोटाळेबुवा, आणि ज्याला रक्त पाहवत नाही, सोमवारी उपास असतो, असा ढमाजी राक्षस. अशी एकूण अकरा पुस्तकं. मी त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. अर्ध्या तासाने 'शांतता राखा' या पाटीखाली तू असा हसलास, की पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातातले पेपर हलले. मी तुला बाहेर काढायला उठलो, आणि तू मला हाताला धरून खाली बसवलंस. "थांब बे," म्हणालास, "हे आयक आंदी." त्या दिवशी मी माझा पहिला नियम मोडला.

त्या दिवसांत तू अकराच्या अकरा वाचलीस आणि मागोमाग मला वाचायला लावलीस. पाऊस आला, विहीर भरली, मळा हिरवा झाला, पण तुझं वाचन सुटलं नाही. बाजारच्या दिवशी तुझ्या दुकानावर वांग्यांबरोबर सल्ला फुकट. गेली तीन वर्षं तर कोणी नुसतं विचारावं, "हे टांगतगड कुठून वाचाव?" की तू तराजू खाली ठेवायचास. मागे गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि तुझं सुरू: "एक नंबरपासून! वाचनालयात काऱ्या कापडाचं, पाठीवर पांढरा एक काढला हाय, थेच. दुसऱ्याले हात लावू नका." दवाखान्यातल्या कंपाउंडरने एकदा शहाणपणा करून आठव्यापासून सुरू केलं, तर तू त्याला आठ दिवस भाजी दिली नाहीस. तो बिचारा दुसरीकडचा पालक खाऊन कंटाळला आणि मुकाट्याने एक नंबर घेऊन गेला.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आलो, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मी किन्हीराजा गावचा. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो, पण पायांना जुनी सवय होती. मी तुझ्या ओसरीच्या खाली थांबलो. तू आतून ओरडलास, "अबे, थो राक्षस असून सरका पंगतीत येऊन बसते, तुले काय झालं?" आणि रुखमा वहिनींनी माझं ताट तुझ्या ताटाला लावून मांडलं. गुलाब, या एका वाक्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू मला शिवी दिली असतीस. आज देता येत नाही, म्हणून मानून घेतो.

आता आपला वाद.

दोन वर्षांनी पुण्याच्या एका पुस्तकवाल्याचं सूचिपत्र आलं. त्यात टांगतगडाची अकराही नावं क्रमाने छापली होती. मी यादी आणि पुस्तकांच्या पानांवर छापलेली नावं ताडून पाहिली. तसाच सायकल काढून तुझ्या मळ्यात आलो. तू वाफ्यात वांग्याची रोपं लावत होतास.

"गुलाब, आपन सारं उलटंपालटं वाचलं. आपला एक नंबर खरा पाचवा हाय. खरा पयला आपल्या चार नंबरवर हाय."

"बरं मंग?" तू मान वर केली नाहीस.

"बरं मंग काय? ढमाजी पाचव्यात मरते! आपन त्याले आंदी मेलेला पाह्यला, मंग जन्मलेला."

तू रोप दाबलंस, पाणी सोडलंस, आणि मग म्हणालास, "चांगलंच झालं ना मंग. मानूस कोन होता थे तेरवीलेच समजते. तोवर कोन कोनाबद्दल सांगते? पंगत बसली का निंघते मंग एकेक. आंदी तेरवी, मंग मांगं मांगं जा. हेच बराबर हाय."

"लिहिनाऱ्यानं तसं नाई लिहिलं."

"लिहिनाऱ्याले काय समजते?"

मी म्हटलं, घर पायापासून बांधतात. तू म्हणालास, "टांगतगडाचा पाया वर हाय, बे. त्याले शिडी कोन्याबी बाजूनं लाव." मग हात धुतलेस, चिलीम काढलीस, आणि सहज विचारलंस, "अन् नंबर कोनं टाकले होते?"

"जिल्दवाल्या चाचानं," मी म्हणालो.

तू माझ्याकडे पाहिलंस. जरा जास्तच वेळ पाहिलंस. मग म्हणालास, "चाचानं चुकवले असन, तं लय झकास चुकवले."

गुलाब, ते खोटं होतं. हीच ती गोष्ट.

पुस्तकांना वाळवी लागली होती. करीमचाचांनी त्यांची खराब झालेली पहिली पानं कापून जिल्दी बांधल्या, काळं कापड, लाल कोपरे, पाहत राहावं असं काम. गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मी सुतळी सोडली आणि जे पुस्तक हाताला लागलं त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने एक, पुढच्यावर दोन, असे अकरा आकडे काढले. एकही उघडून पाहिलं नाही. अक्षर माझं देखणं, त्याचाच तोरा. अध्यक्षांनी कपाटासमोर उभं राहून वाहवा केली आणि मी फुगलो.

नंतर चूक कळली तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही. त्याचं कारणही तुला सांगतो. या नोकरीवर लागलो, कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला आला, त्या आठवड्यात माझे वडील एस.टी.ने कारंज्याला आले होते, नुसता तो जुडगा पाहायला. त्यांनी तो हातात घेतला, तळव्यावर तोलला आणि परत दिला. चहासुद्धा न घेता परतीची गाडी धरली. आणि इकडे कमिटीतले दोघंतिघं पहिल्या दिवसापासून टपून होते, की हा कुठे चुकतो. माझी चूक एकट्या माझी राहिली नसती. 'यायले किल्ल्या देल्या का असंच होनार' हे वाक्य मला लोक बोलायच्या आधीच ऐकू येत होतं. म्हणून मी ती चूक एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात बांधली, ज्याला आपल्यावर आळ आला आहे हेही कधी कळलं नसतं. आणि वर तुझ्याशी दर बाजारी वाद घालत राहिलो, अगदी पंडितासारखा. खऱ्या क्रमाची यादी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला डकवली. तू ती पाहिलीस आणि म्हणालास, "अक्षर मस्त हाय." बस, एवढंच.

तेरवी होऊन सहा दिवस झाले होते. संध्याकाळी मी वाचनालयाचं दार उघडत होतो, तर पायरीवर रुखमा वहिनी. धुतल्या फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. आठ नंबर. तुझ्याकडे राहिलेलं. कितव्यांदा वाचत होतास कोणास ठाऊक.

"हे जमा करून घ्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "अन् मले पयलं द्या."

"तुमी वाचसान?" माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"चौथी पास हाव मी. लग्नानंतर कागद हाती धरला नाई, पन अक्षरं कुठी जातात?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पाच वर्सं हा मानूस माह्यासमोर एकटाच हासला, भाऊजी. मले सांगे. पन सांगता सांगता सोताच असा हासे का अर्धं समजेच नाई. उरलेलं अर्धं आता कोन सांगन?"

वाद इतकी वर्षं चालला, पण कुठून सुरू करायचं हा प्रश्न तोवर एक खेळ होता. त्या पायरीवर तो पहिल्यांदा खरा झाला. चुकीचं पुस्तक दिलं असतं तर या बाईने ते मिटून ठेवलं असतं, आणि पुन्हा या पायरीवर आली नसती. तुझं हसू तिच्यासाठी तिथेच संपलं असतं.

आणि मी काय केलं? आढेवेढे न घेता खरा पहिला भाग काढून दिला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, घे, गुलाब्या, जिंकला मी वाद. तू नव्हतास ना अडवायला.

चार दिवसांनी त्या आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यात पहिली चाळीस पानं साखळदंड कोणी घडवला, त्या लोहाराचा आजा कोण, पणजा कोण, हेच आहे. मी विचारलं, "कठीन गेलं का?"

"कठीन कायचं? समजलं सारं. पन भाऊजी, याच्यात हे कुठीच नाईत."

मी पुस्तक जमा करून घेतलं.

"तुमचा पयला द्या," त्या म्हणाल्या. "तुमी नंबर टाकलेला."

"मी?"

"तुमीच टाकले ना. यायले माईत होतं." त्या असं म्हणाल्या, जसं उद्या बाजार आहे म्हणावं. "चाचाले मराठी आकडे कुठी येतात? आमच्याकून वांगे घेतात तं थे बी उर्दूत मोजतात."

"मंग गुलाब मले काहून नाई बोल्ला?"

"मी म्हनलं होतं, सांगून टाका, दोस्त हाय तुमचा. तं म्हने, त्याच्या कमरेच्या किल्ल्या पाह्यासाठी त्याचा बाप गाडीनं आल्ता. अकरा पुस्तकांपायी थ्या किल्ल्या कायले जाऊ द्याच्या? आपन साऱ्या गावाले असंच वाचाले लावू. साऱ्यायनं असंच वाचलं, का मंग चूक कोन म्हनन?"

म्हणजे तराजू खाली ठेवून तू गिऱ्हाइकांशी भांडायचास, ते यासाठी. कंपाउंडरची भाजी बंद केलीस, ती यासाठी. मी तुला हरवायला यादी डकवत होतो, आणि तू एकेक वाचक पकडून माझी चूक कारंज्याचा रिवाज करून टाकत होतास. माझ्या वडिलांची गोष्ट मी तुला कधी सांगितली तेही मला आठवत नाही. तू मात्र विसरला नाहीस. मी वहिनींसमोर रडलो, गुलाब. कपाटाला डोकं टेकवून, चांगला पोटभर रडलो. वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी मला गप्प केलं नाही.

आता तुला खरंच तो क्रम आवडायचा, की सगळं माझ्यासाठीच होतं, हे मला कधीच कळणार नाही. वाद अर्धा राहिला तो इथे. कधी वाटतं, माणूस तेरवीलाच कळतो ही गोष्ट तू मळ्यात उभ्या उभ्या रचलीस, मला सांभाळायला. पण रचलेली असली तरी ती खरी निघाली, हे तुला कबूल करावंच लागेल. तुझी तेरवी झाल्यावरच तू मला वाचायला मिळालास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करीमचाचांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी खळीने माखलेला हात पुसला, मला शेजारी बसवलं आणि चहा मागवला. "मेरे नाम पे कुछ तो पढ़ा गया," म्हणाले. येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे. तिथेही मी उभा राहून सांगणार आहे, की आकडे माझे, चूक माझी, चाचांचा काही संबंध नाही. किल्ल्यांचं काय व्हायचं ते होवो. वडिलांना आधीच पत्र टाकलं आहे. मात्र आकडे मी पुसणार नाही, आणि कोणाला पुसूही देणार नाही. कपाटातली यादी काल काढून टाकली. कोणी विचारलं, टांगतगड कुठून सुरू करायचा, तर उत्तर एकच: काळ्या कापडाचं, पाठीवर पांढरा एक आहे, तेच.

त्या दिवशी वहिनींना मी ते एक नंबरचं पुस्तक दिलं, तेव्हा त्या घरी गेल्या नाहीत. पंख्याखालच्या त्या बाकावर बसल्या, तुझ्याच. पेपरवाले म्हातारे चुळबुळले आणि मग सरकून बसले. वहिनी बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, पुटपुटत वाचायला लागल्या. गडावर तेरवीची तयारी चालली होती. पत्रावळी मांडल्या. पंगत बसली. शेवटच्या पाटावर कोणीतरी येऊन बसलं. मी नोंदवही पुढ्यात ओढली आणि कान तिकडे लावला. ढमाजीने पहिला घास घेतला, एवढंच वाचून झालं होतं. मिठाचं वाक्य पुढच्या पानावर आहे, मला पाठ आहे. वहिनींनी पान उलटलं नव्हतं, आणि त्या हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, पाटीखाली, मोठ्याने. मिठाचं त्यांना ठाऊक होतं. तू हातातली मेथी सांडत कधीच सांगून ठेवलं होतंस.

पुस्तक घरी न्यायची नोंद करायला त्या टेबलाशी आल्या, तेव्हा मी त्यांना दोन नंबरही काढून दिला. एका वेळी एकच पुस्तक, असा आमचा नियम आहे.